जुना रोनाल्डो आणि गुडघ्यातली चार-पाच सेंटीमीटरची दोरी

परवा भाच्याने माझ्या जुन्या कपाटाच्या दारावरचं पोस्टर बघितलं आणि म्हणाला, "मामा, रोनाल्डो तर पोर्तुगालचा ना, मग ह्याने पिवळी जर्सी का घातलीय, आणि हा असा काय दिसतो?" पोस्टरवरच्या माणसाच्या पुढच्या दातांत फट, सगळं डोकं भादरलेलं आणि कपाळावर तेवढा केसांचा एक त्रिकोण ठेवलेला. मी म्हटलं बाबा हा जुना रोनाल्डो, ब्राझीलवाला, खरं तर रोनाल्डो म्हटलं की आम्हाला अजून हाच आठवतो. मग त्याने मोबाइल काढला, आकडे बघितले आणि निकाल देऊन टाकला, "ह्याचे गोल तर कमीच आहेत."

आता ह्याला काय समजावणार! पण मग विचार केला की समजावूनच टाकू एकदा. कारण पोराचं चुकत नाहीये, नुसते आकडे बघितले तर हा माणूस कळतच नाही. ब्राझीलसाठी ९८ मॅचमध्ये ६२ गोल, दोन वर्ल्ड कप, दोन बॅलन डी'ओर (वर्षातल्या बेस्ट फुटबॉलरला देतात ते बक्षीस), हे सगळं भारीच आहे, पण ज्यांनी ९६-९७ साली त्याला खेळताना बघितलंय ती माणसं त्याच्याबद्दल ज्या आवाजात बोलतात तो आवाज ह्या आकड्यांतून येत नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. रोनाल्डो नावाचे दोन प्लेअर होऊन गेले, एक १९९९ च्या आधीचा आणि एक नंतरचा, दोघांचं नाव एक आणि शरीरही एकच, मधे फक्त एक गुडघा आहे. आणि मोठी ट्रॉफी मिळाली दुसऱ्याला, पण ज्याला इटलीत 'फेनोमेनो' म्हणजे अजबच काहीतरी असं म्हणायचे तो होता पहिला.

जन्म १९७६ चा, रिओ द जानेरोच्या बेंतो रिबेइरो नावाच्या उपनगरातला. घरची परिस्थिती बेताची. फ्लामेंगो हा रिओचा सगळ्यात लाडका क्लब, तिथे ट्रायल दिली पण रोज तिकडे जायला बसचे पैसे नव्हते म्हणून ते राहिलं, आणि जवळच्या साओ क्रिस्तोवाओ ह्या छोट्या क्लबात गेला. पण त्याच्याही आधी तो फुटसाल खेळायचा, आणि हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे २००२ मध्ये हे परत येणार आहे. फुटसाल म्हणजे हॉलमधलं पाच-पाच जणांचं फुटबॉल, मैदान छोटं, बॉल जरा लहान, टप्पा कमी घेणारा. तिथे पळायला जागाच नसते, समोरचा अंगावर आलेला असतो, पाय मागे घेऊन रीतसर किक मारायला वेळ नसतो, मग पोरं बूटाच्या तळव्याने बॉल ओढतात आणि नुसत्या अंगठ्याने टोचून गोल मारतात. आपल्याकडे ग्राउंडवर टो मारला की कोच ओरडतो, फुटसालमध्ये ते हत्यार आहे.

साओ क्रिस्तोवाओमधून त्याला उचलून क्रुझेरो ह्या मोठ्या ब्राझिलियन क्लबाकडे पाठवायला सांगणारा माणूस म्हणजे जाइरझिन्यो, १९७० च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कप टीममधला. सोळाव्या वर्षी सीनियर टीममध्ये. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये बाहियाविरुद्ध एका मॅचमध्ये पाच गोल मारले, त्यातला एक तर निव्वळ खोडसाळपणा आहे. समोरचा गोलकीपर उरुग्वेचा अनुभवी रोडोल्फो रॉड्रिगेझ, त्याने बॉल हातातून खाली ठेवला आणि बहुतेक विसरला की हे पोरगं मागे घुटमळतंय, पोराने पटकन मागून येऊन बॉल पळवला आणि रिकाम्या गोलात ढकलला. क्रुझेरोकडून ४७ मॅचमध्ये ४४ गोल. १९९४ चा वर्ल्ड कप ब्राझीलने जिंकला तेव्हा हा सतरा वर्षांचा, टीममध्ये होता पण एक मिनिटही खेळला नाही, पुढे रोमारिओ आणि बेबेतो होते ना. त्या रोमारिओच्याच वाटेने मग हॉलंडला, पीएसव्ही आइंडहोवनला गेला आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३० गोल.

आता मेन मुद्दा, हा वेगळं काय करत होता.

तेव्हाचा ९ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणारा प्लेअर, ढोबळमानाने दोन प्रकारचा असायचा. एक उंच धिप्पाड, बॉक्समध्ये म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात उभा राहून हेडर मारणारा. दुसरा बारीक चलाख, डिफेंडरच्या पाठीमागे दबा धरून बसणारा, बॉल सुटला की टॅप करून मोकळा. दोघांनाही बॉल कुणीतरी आणून द्यावा लागतो, शेवटचा घास तेवढा ते घेणार. रोनाल्डो बॉल घ्यायला सेंटर लाइनपर्यंत मागे यायचा आणि तिथून स्वतःच निघायचा. म्हणजे स्वयंपाक पण हाच करणार, वाढणार पण हाच आणि जेवणार पण हाच. फुल स्पीडला बॉल पायाशी घेऊन पळणारे अजूनही आहेत, पण बहुतेकांना डॉज द्यायचा तर स्पीड थोडी कमी करावी लागते, ह्याला लागत नव्हती, किंवा असं म्हणू की तो एका पावलात पूर्ण थांबायचा आणि पुढच्या पावलात परत फुल स्पीडला असायचा, आणि मधल्या त्या अर्ध्या सेकंदात डिफेंडर ज्या बाजूला कलला असेल त्याच्या उलट्या बाजूने निघून जायचा. वर अंगात ताकद एवढी की जर्सी धरली तरी थांबत नव्हता.

१९९६ ला बार्सिलोनाने तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा सौदा करून त्याला घेतला. कोच बॉबी रॉबसन. त्याच ऑक्टोबरमध्ये कॉम्पोस्तेलाविरुद्धचा गोल आहे, आधी तो बघा मग पुढचं वाचा. सेंटर लाइनच्या आसपास बॉल मिळतो, एक जण मागून जर्सी चक्क धरून ओढतोय, कापड ताणलेलं दिसतं, हा पडत नाही, सुटतो, मग एकामागून एक लोक येतात आणि मागे पडतात, बॉक्समध्ये शिरताना वाटतं आता गेला बॉल, आणि तेवढ्यात गोल. त्यानंतर कॅमेरा रॉबसनवर जातो तर तो उभा राहून दोन्ही हात डोक्याला लावून इकडेतिकडे बघतोय, की मी हे खरंच बघितलं का. आयुष्यभर फुटबॉलमध्ये घालवलेला म्हातारा माणूस असा बघतो तेव्हा समजा काय ते. त्या सीझनला सगळ्या स्पर्धा मिळून ४९ मॅचमध्ये ४७ गोल. वय वीस.

आणि एवढं असून बार्सिलोनाने त्याला एकाच वर्षात घालवला. स्पेनमध्ये करारात एक रक्कम लिहिलेली असते, दुसऱ्या कुणी तेवढे पैसे टेबलावर ठेवले आणि प्लेअर हो म्हणाला की क्लबला अडवता येत नाही. नव्या कराराच्या बोलणीत गडबड झाली, इंटर मिलानने ती रक्कम भरली, विषय संपला. त्या वर्षाअखेर बॅलन डी'ओर मिळाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

इटलीची लीग तेव्हा डिफेंडरांचं विद्यापीठ होती, सगळे म्हणत होते इथे कळेल. पहिल्या सीझनला लीगमध्ये २५ गोल मारले. मे १९९८ ला पॅरिसमध्ये युरोपातल्या क्लबांच्या यूईएफए कपची फायनल, समोर रोमचा क्लब लाझिओ, डिफेन्समध्ये नेस्ता, जगातल्या सगळ्यात भारी डिफेंडरांपैकी एक. इंटरने ३-० ने मारलं. तिसरा गोल रोनाल्डोचा, एकटा कीपर मार्केजानी समोर, ह्याने बॉलला हात सोडा पायही न लावता नुसतं अंग हलवलं, कीपर झोपला, हा बाजूने निघून गेला. लाझिओ हे नाव लक्षात ठेवा, अजून दोनदा येणार आहे.

आता जरा गुडघ्याचं बघू, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं "बिचाऱ्याला दुखापत झाली" एवढंच वाटतं.

खुर्चीत बसा, एक पाय सरळ समोर उचला आणि गुडघ्यावर हात ठेवा. मांडीचा पुढचा मोठा स्नायू टणक झालेला लागेल. तो स्नायू खाली येऊन गुडघ्याच्या वाटीला जोडला जातो, आणि वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड पट्टा जातो, हाताला दोरीसारखा लागतो, लांबी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. त्याला पटेला टेंडन म्हणतात. काम कसं चालतं तर विहिरीवरची कप्पी आठवा. वर ओढणारा माणूस म्हणजे मांडीचा स्नायू, मधली कप्पी म्हणजे वाटी, खालची दोरी म्हणजे हा टेंडन आणि बादली म्हणजे तुमची नडगी. माणसाने ओढलं की बादली वर, म्हणजे पाय सरळ. आता दोरीच तुटली तर माणूस कितीही ताकदवान असो, बादली हलणार नाही. टेंडन पूर्ण तुटला की पाय सरळच करता येत नाही, आणि खाली धरून ठेवणारं काही उरलं नाही म्हणून वाटी वर मांडीकडे सरकते.

आणि ह्या दोरीवर सगळ्यात जास्त ताण कधी येतो? लोकांना वाटतं पळताना. तर नाही, थांबताना. जोरात धावत येऊन एका पायावर, गुडघा वाकवून कच्चकन ब्रेक मारता तेव्हा अख्ख्या शरीराचा वेग त्या पट्ट्याला पेलावा लागतो. आता वर परत जा आणि बघा रोनाल्डो काय करत होता. एका पावलात पूर्ण थांबायचं आणि पुढच्या पावलात परत सुटायचं. म्हणजे ज्या गोष्टीने तो रोनाल्डो झाला तीच गोष्ट दर मॅचला त्या दोरीला घासत होती. गुडघ्याचा त्रास पीएसव्हीमध्येच सुरू झाला होता, दुसऱ्या सीझनला ऑपरेशन होऊन बरेच महिने बाहेर होता, तेव्हा वय एकोणीस. वर टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो, स्नायू फाटला तर आठवड्यांत भरतो, हा महिनोनमहिने घेतो आणि भरला तरी आधीसारखाच होईल ह्याची खात्री नाही.

मधे १९९८ चा वर्ल्ड कप येतो. आपल्याकडे फायनल रात्री साडेबाराला होती, मी जागलो होतो, आणि जागल्याचा पश्चात्ताप झाला. त्या दिवशी दुपारी हॉटेलात रोनाल्डोला झटका आला, फिट यावी तसं अंग आकडलं, रूममधला रोबेर्तो कार्लोस घाबरून मदतीला ओरडत सुटला. दवाखान्यात नेलं, तपासण्यांत काही सापडलं नाही. टीमची पहिली यादी आली त्यात त्याच्या जागी एडमुंडो, आणि थोड्या वेळात दुसरी यादी, त्यात परत रोनाल्डो. मैदानावर तो होता पण नव्हता. झिदानचे दोन हेडर, फ्रान्स ३-०. पुढे ब्राझीलच्या संसदेत चौकशी बसली, नायके कंपनी आणि फुटबॉल फेडरेशनच्या कराराचे प्रश्न विचारले गेले, रोनाल्डोला स्वतः जाऊन उत्तरं द्यावी लागली. लोक ह्या प्रकरणावर तासन्‌तास बोलू शकतात, मी नाही बोलणार, कारण त्याच्या खेळाच्या गोष्टीत ही एक दुपार आहे फक्त. त्याच वर्ल्ड कपचा बेस्ट प्लेअर म्हणून गोल्डन बॉल त्यालाच मिळाला, हे मात्र सगळे विसरतात.

२१ नोव्हेंबर १९९९, लेच्चेविरुद्धची मॅच, उजव्या गुडघ्याचा टेंडन फाटला. अर्धवट. पॅरिसला जेरार सायाँ नावाच्या सर्जनने ऑपरेशन केलं. जवळजवळ पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० ला, रोममध्ये इटालियन कपच्या फायनलची पहिली मॅच, समोर कोण तर लाझिओ. दुसऱ्या हाफमध्ये उतरवला. सहा-सात मिनिटं झाली असतील. बॉल घेऊन बॉक्सकडे निघाला, डिफेंडरसमोर पाय बॉलवरून फिरवायला गेला, म्हणजे तीच त्याची नेहमीची हालचाल, आणि कुणीही हात न लावता खाली कोसळला. क्लिपमध्ये त्याचं ओरडणं ऐकू येतं, मी ती दोनदाच बघितलीय आणि तिसऱ्यांदा बघणार नाही. टेंडन पूर्ण तुटला होता. विरुद्ध टीमचे प्लेअरसुद्धा डोक्याला हात लावून उभे होते.

दोरी परत जोडायची, मग अख्खं वर्ष गुडघा थोडा थोडा अंशांनी वाकवायला शिकायचं. २०००-०१ चा पूर्ण सीझन गेला. वय तेवीस-चोवीस, म्हणजे बाकीच्यांचं करिअर जिथे सुरू होतं तिथे. इंटरमध्ये पाच वर्षं होता आणि एकूण मॅच किती खेळला तर ९९. भाच्याला दिसणारे कमी आकडे इथून येतात. ९९ मॅचमध्ये ५९ गोल हे काही वाईट नाही हो, पण उरलेल्या मॅच गेल्या कुठे हे आकडा सांगत नाही.

मे २००२, लीगचा शेवटचा दिवस, इंटरला जिंकलं की चॅम्पियन, मैदान परत रोमचं आणि समोर परत लाझिओ. ४-२ ने हरले. बेंचवर बसून रडणारा रोनाल्डो टीव्हीवर दिसत होता. त्या सीझनला लीगमध्ये दहाच मॅच खेळला होता. आणि ह्या माणसाला कोच स्कोलारी वर्ल्ड कपला घेऊन चालला होता, तेही अख्खा देश रोमारिओला घ्या म्हणून ओरडत असताना.

इथून दुसरा रोनाल्डो सुरू होतो. हा सेंटर लाइनवरून निघत नाही. बॉक्सच्या आसपास फिरतो, वाट बघतो, दोन पावलं टाकतो पण ती दोन पावलं बरोबर जागी. सेमीफायनल टर्कीविरुद्ध, डावीकडून बॉल घेऊन आत शिरला, भोवती चार डिफेंडर, पाय मागे घ्यायला जागा नाही, मांडीचा त्रास चालू, आणि ह्याने काय केलं तर पळता पळता अंगठ्याने टोचला. टो मारला! कीपर रुश्तूचा हात लागला पण उशिरा, कारण पाय मागे जाताना दिसला की कीपर तयार होतो आणि इथे पाय मागे गेलाच नाही. रिओच्या हॉलमधलं पोरगं तिथे बरोबर कामाला आलं.

तो त्रिकोणी हेअरकट पण त्याच मॅचचा. पेपरवाले रोज त्याच्या मांडीच्या दुखण्याचंच विचारत होते, तर विषय बदलावा म्हणून हे करून आला, असं त्यानेच नंतर सांगितलंय, आणि ते पाहून ज्यांच्या पोरांनी तसे केस कापले त्या आयांची माफीही मागितलीय. आमच्या गल्लीतल्या एकाने केला होता. सोमवारी शाळेत यायच्या आधी आईने त्याला परत त्याच सलूनमध्ये नेऊन पूर्ण तुळतुळीत करून आणला.

फायनल ३० जूनला, रविवार, आपल्याकडे दुपारी साडेचार, समोर जर्मनी आणि गोलमध्ये ऑलिव्हर कान, जो त्या स्पर्धेत भिंतीसारखा खेळला होता. पहिला गोल नीट बघा. रोनाल्डोकडून बॉल जातो, तो पडतो, उठतो, लगेच जर्मनीच्या हामानच्या पायातून बॉल परत काढून घेतो, रिव्हाल्डोला देतो आणि, हे महत्त्वाचं, थांबत नाही. रिव्हाल्डोचा शॉट साधाच, सरळ कानच्या छातीवर, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो धरतो. त्या दिवशी हातातून निसटला आणि बॉलपाशी पोचलेला एकच माणूस होता. दुसऱ्या गोलला क्लेबेरसनचा पास, रिव्हाल्डोने बॉल पायांखालून सोडून दिला, मागे रोनाल्डो, शांतपणे कोपऱ्यात. एकूण ८ गोल. १९७८ पासून १९९८ पर्यंत सहाही वर्ल्ड कपचे टॉप स्कोअरर बरोबर ६ वर अडकले होते, म्हणजे ८ किती झाले बघा.

त्यानंतर रिअल माद्रिद, दुसरा बॅलन डी'ओर, २००३ ला मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर हॅट्‌ट्रिक मारून बाहेर जाताना त्यांच्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माद्रिदचे १०४ गोल आहेत, तरी तिथल्या लोकांना वजनाचेच जोक आठवतात. २००६ ला घानाविरुद्ध पंधरावा वर्ल्ड कप गोल मारून जर्मनीच्या गर्ड म्युलरचा सगळ्यात जास्त वर्ल्ड कप गोलांचा रेकॉर्ड मोडला. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी ट्रॉफी, कधीच मिळाली नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये एसी मिलानकडून (इंटर नव्हे, त्याच शहरातला दुसरा क्लब) खेळताना टेंडन परत तुटला, ह्यावेळी डाव्या गुडघ्याचा. सगळ्यांना वाटलं संपलं, तर हा ब्राझीलला कोरिंथियन्सकडे जाऊन अजून दोन ट्रॉफ्या जिंकून बसला. २०११ च्या फेब्रुवारीत थांबला तेव्हा थायरॉइडचा त्रास असल्याचं सांगितलं, आणि अशा अर्थाचं बोलला की डोक्यात मूव्ह तयार होते पण शरीर ती करत नाही.

हे सगळं भाच्याला सांगून झालं तेव्हा त्याचं जेवण थंड झालं होतं. शेवटी त्याने यूट्यूब उघडलं आणि विचारलं, एकच बघायची तर कुठली बघू. मी त्याला ९८ ची पॅरिसची फायनल लावायला सांगितली, आणि म्हटलं बॉल बघू नकोस, कीपर पण बघू नकोस, रोनाल्डोचा टेकलेला पाय बघ, गुडघा किती वाकतो ते. त्याने तेवढाच तुकडा मागे घेऊन चार वेळा बघितला, स्लो करून. मग म्हणाला, "मामा, हे दुखत नसेल का?"